वहीतली ‘दिसला’ ही नोंद मी का खोडली

“एचबी९. ब्रह्महृदयाच्या पश्चिमेला. २० इंची, ओ-थ्री फिल्टर, तिरकी नजर. पश्चिमेच्या कडेला फिकट उजेड, त्यापुढे काळोख. दिसला.”

ही नोंद माझ्याच वहीतली आहे. डिसेंबरातली अमावस्या, कर्जत तालुक्यात खांडसच्या अलीकडे भात कापून रिकामं झालेलं एक शेत, आणि ज्यांची दुर्बीण त्या काकांच्या भाषेत ‘झक्कास’ आकाश. ‘दिसला’ या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. वर्षभराने त्याच शब्दावर काट मारली. मधे काय झालं ते सांगायचंच आहे, पण त्याआधी या प्रकारच्या नोंदींची थोडी खरडपट्टी काढायची आहे. सुरुवात स्वतःच्या नोंदीपासून केली म्हणजे कुणी रागावणार नाही.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या नेट नाहीतर जेस्टच्या तयारीत असाल. अजून दोन-तीन वर्षांनी तुम्ही एखाद्या पेपरात ‘डिटेक्शन’ हा शब्द लिहाल. हौशी निरीक्षकाची चार ओळींची नोंद हा सगळ्यात छोटा पेपर आहे असं समजा. उपकरण, पद्धत, निकाल, सगळं त्यात आहे. म्हणूनच तिच्यातल्या चुकाही मोठ्या पेपरांतल्याच चुका असतात, फक्त त्या झाकायला जागा कमी असते.

एचबी९ काय आहे ते आधी. मोठा तारा फुटतो, त्याचं बाहेर फेकलेलं द्रव्य हजारो वर्षं पसरत राहतं आणि वाटेतल्या वायूला धक्का देऊन तापवतं. हा पसरता पोकळ फुगा म्हणजे सुपरनोव्हाचा अवशेष. आपल्या आकाशगंगेतल्या अशा अवशेषांची जी यादी केंब्रिजचे डेव्हिड ग्रीन कितीतरी वर्षं सांभाळताहेत, तिच्यात तीनशेच्या वर नावं आहेत. बहुतेक सापडले ते रेडिओ लहरींत. एचबी९ मधलं ‘एचबी’सुद्धा हॅनबरी ब्राऊन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञाचं. त्यांनी आणि हझार्ड यांनी १९५० च्या दशकात केलेल्या यादीतला हा नववा स्रोत. माझं स्वतःचं कामही रेडिओतलंच आहे. खांडसहून घाट चढून पलीकडे गेलं की काही तासांत नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत. तिथल्या नकाशांवर अशा अवशेषांची कडा आखणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे तो फुगा ‘डोळ्यांनी’ बघायची हौस मला जास्तच होती. ही हौस लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता पहिली तक्रार. अशा नोंदींत दुर्बिणीचा आकार एखाद्या पदवीसारखा लिहितात. ‘२० इंची’ म्हटलं की ऐकणारा गप्प. १० इंचीतून दिसला नाही, २० इंचीतून दिसणारच, असं गृहीत धरलेलं असतं. ताऱ्यांच्या बाबतीत ते खरं आहे. तारा हा ठिपका. आरसा मोठा तर ठिपका उजळ. पण पसरलेल्या वस्तूचं गणित वेगळं आहे. दुर्बिणीतून बाहेर येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी म्हणजे आरशाचा व्यास भागिले वर्धन. ही जाडी डोळ्याच्या बाहुलीएवढी, समजा ७ मिलिमीटर ठेवली, तर ८ इंचीला २९ पट वर्धन मिळतं आणि २० इंचीला ७३ पट. दोन्हीत तेजोमेघाच्या प्रत्येक तुकड्याची चमक सारखीच! नुसत्या डोळ्याला असते तेवढीच, किंबहुना आरशांत थोडी वायाच जाते. मोठ्या आरशाने मिळतं ते इतकंच की त्याच चमकीची प्रतिमा अडीचपट मोठी दिसते.

हे ‘इतकंच’ क्षुल्लक नाही. अंधारात डोळा फिकट वस्तू ओळखतो ती तिच्या आकारामुळे. बारीक फिकट डाग सुटतो, तोच मोठा झाला की सापडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत यावर लाखो चाचण्या झाल्या आणि ब्लॅकवेल यांनी त्या १९४६ मध्ये प्रसिद्ध केल्या. आजही निरीक्षकांची गणितं त्या आकड्यांवर चालतात. २०१४ मध्ये अँड्र्यू क्रूमी यांनी त्यांची नव्याने मांडणी केली आहे. संशोधनात यायचंच असेल तर हे दोन पेपर वाचा, विषय कुठलाही असो. जुन्या प्रयोगाचे आकडे सत्तर वर्षांनी परत कसे वापरावेत याचा तो नमुना आहे.

पण एचबी९ चा व्यास दोन अंशांहून जास्त आहे. पौर्णिमेचे चार चंद्र एका ओळीत ठेवा. काकांच्या २० इंचीत सगळ्यात कमी वर्धनालाही एका वेळी जेमतेम एक अंश मावतो. म्हणजे आयपीसला डोळा लावला की तुम्ही फुग्याच्या आत. कडेच्या बाहेरचं काळं आकाश नजरेत नसेल तर फिकट कशाच्या तुलनेत म्हणणार? दुर्बीण हळूहळू सरकवायची आणि ‘आत्ता जरा काळोख झाला’ हे मागच्या मिनिटाच्या आठवणीशी ताडून ठरवायचं. माझ्या नोंदीतलं ‘त्यापुढे काळोख’ ते हेच. या एका वस्तूसाठी चांगला फिल्टर लावलेली छोटी, रुंद क्षेत्राची दुर्बीण कदाचित बरी ठरली असती. हे माझ्या नोंदीत कुठेच नाही. २० इंची मात्र आहे, तेही सुरुवातीलाच.

दुसरी तक्रार फोटोंबद्दल. नोंद लिहून झाली की निरीक्षक फोटोशी ताडून बघतो (किंवा आधीच बघून आलेला असतो, ते जास्त वाईट) आणि ‘जुळतं’ म्हणतो. एचबी९ च्या किंवा अग्नी ताऱ्याजवळच्या सिमेइस १४७ च्या फोटोंत जे तांबडं कोळ्याचं जाळं दिसतं ते मुख्यतः हायड्रोजनच्या एच-अल्फा रेषेचं आहे, ६५६ नॅनोमीटरचं. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची संवेदना ५०० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त. ६५० च्या पुढे ती हजारातला एक भागही उरत नाही. म्हणजे फोटोतलं जाळं त्या प्रकाशाचं, जो तुमच्या डोळ्याला दिसूच शकत नाही. मी खांडसला जाण्याआधी आठवडाभर मोबाइलवर तोच फोटो बघत होते, आणि मग डोळ्यांनी बघितलेली कड त्या फोटोतल्या कडेशी ‘जुळली’. ज्या फोटोशी जुळायला नको त्याच्याशी जुळली, याची मला शंका यायला हवी होती.

डोळ्याला मिळू शकतो तो ऑक्सिजनचा हिरवट प्रकाश, ५००.७ नॅनोमीटरचा. ओ-थ्री फिल्टर नेमकी ही रेषा आणि तिची जोडीदार ४९५.९ ची रेषा आत सोडतो, बाकीचं अडवतो. या रेषेची एक पुण्यातली गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. १९ व्या शतकात ही रेषा कशाची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. इंग्लंडमधले नामवंत नॉर्मन लॉकियर म्हणत, अवकाशातल्या उल्कांच्या टकरींतून तेजोमेघ उजळतात, आणि ही रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड. त्याच सुमारास पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. २० इंची आरशाची दुर्बीण, त्या वेळची देशातली सर्वांत मोठी. वर्णपटाचं काम करायचं हे त्यांनी ठरवलं त्यात लॉकियर यांच्या सल्ल्याचा भाग होता. पण मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट बघून १८९१ मध्ये त्यांनी जे छापलं ते लॉकियर यांच्या सोयीचं नव्हतं. रेषा बारीक आहे, दोन्ही बाजूंनी धारदार आहे, पट्ट्याच्या कडेसारखी एका बाजूला विरत जात नाही. रेषा ऑक्सिजनची हे बोवेन यांनी दाखवलं ते १९२७ मध्ये. नायगमवालांना ती कशाची ते माहीत नव्हतं, आणि तसं काही त्यांनी ठोकूनही दिलं नाही. जे गुरूला हवं होतं ते दिसलं नाही, एवढं मात्र लिहिलं. काकांची दुर्बीणही २० इंचीच. आकार तोच, म्हणून मला स्वतःच्या नोंदीची जास्त लाज वाटली.

आता आकाशाबद्दल. परदेशी मार्गदर्शक पुस्तकं घेऊन कर्जत-खालापुरात बसलं की पहिल्याच हंगामात कळतं, ती इथल्यासाठी लिहिलेली नाहीत. हंसातला ‘व्हेल’ हा डोळ्यांनी बघायला सगळ्यात सोपा विरळ अवशेष. पुस्तकं सांगतात उन्हाळ्याच्या रात्री बघा. आपल्याकडे त्या रात्री म्हणजे जून ते सप्टेंबर, धो धो पाऊस. ऑक्टोबरात अंधार पडताना तो डोक्यावर असतो, तेवढे तीन-चार आठवडे धरायचे. नोव्हेंबरात तो पश्चिमेला कलतो आणि पश्चिमेला माथेरानच्या डोंगरामागे नवी मुंबईचा उजेड. वायव्येला बदलापूर, अंबरनाथ, कल्याण. नैर्ऋत्येला खालापूरचा टोलनाका आणि एक्स्प्रेसवे, दक्षिणेला खोपोली आणि तिच्या वर घाटमाथ्यावर लोणावळा. पूर्वेला भीमाशंकरची भिंत, ती उजेड अडवते आणि पहिले पंधरा-वीस अंश आकाशही अडवते. मुंबईच्या खगोल मंडळाच्या वांगणीतल्या रात्रभराच्या कार्यक्रमांना जे जुने लोक जायचे त्यांना विचारा, आकाश कसं मागे मागे सरकत गेलं ते.

यात एक गंमत आहे. मुंबईला झगमगाट देणारी टाटांची जलविद्युत १९१५ मध्ये खोपोलीत सुरू झाली, आणि पुढे १९२२ मध्ये भिवपुरीत. दोन्ही आपल्याच तालुक्यांत. वीज इथून गेली, उजेड शंभर वर्षांनी परत आला.

गंमत सोडली तर मुद्दा पद्धतीचा आहे. सोडियमच्या पिवळ्या दिव्याचा बहुतेक प्रकाश ५९० च्या आसपास, ओ-थ्री फिल्टर तो कापतो. २०१५ पासून सरकारी योजनेतून रस्त्यांवर पांढरे एलईडी आले. त्यांचा प्रकाश सलग पसरलेला असतो, ५०० च्या खिडकीतूनही थोडा आत येतो. म्हणजे ‘ओ-थ्री लावला होता’ एवढं लिहून भागत नाही. पिवळ्या दिव्यांच्या काळातली नोंद आणि आजची नोंद, फिल्टर तोच असला तरी, एका तराजूत तोलता येत नाहीत. नोंदींच्या वह्यांत याचा उल्लेख मी फारसा बघितलेला नाही. माझ्याही नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. वस्तू कुठे आहे हे निरीक्षकाला आधीच माहीत असतं, आणि न दिसल्याची नोंद कुणी करत नाही. पहिल्या भागाचं प्रसिद्ध उदाहरण घ्या. लॉर्ड रॉस हे त्यांच्या काळातले सगळ्यात मोठ्या हौशी दुर्बिणींचे धनी. १८४० च्या दशकात ३६ इंचीतून वृषभेतला तेजोमेघ, म्हणजे १०५४ च्या स्फोटाचा अवशेष, बघून त्यांनी चित्र काढलं. खेकड्याच्या नांग्यांसारखे फाटे. पुढे १८४८ मध्ये ७२ इंचीतून बघितलं तर ते साम्य काही पटेना. पण नाव ‘क्रॅब’ पडलं ते पडलंच. दुप्पट मोठ्या आरशाने घेतलेली शंका मागे राहिली, पहिलं चित्र पुढे गेलं. जो कुणी त्यानंतर बघतो तो खेकडाच शोधतो.

इथे थोडं वळण घेते, कारण आम्ही एचबी९ च्या मागे लागलो तेच एका पेपरामुळे. श्रीनगरजवळच्या बुर्झाहोमच्या उत्खननात एक कोरीव दगड सापडला होता. शिकारी, प्राणी, आणि वर दोन तेजस्वी गोल. हृषीकेश जोगळेकर, मयंक वाहिया आणि अनिकेत सुळे यांनी असं मांडलं की आकाशात दोन सूर्य असत नाहीत, तेव्हा त्यातला एक गोल सुपरनोव्हाचा असावा, आणि हा दगड म्हणजे आकाशाचा नकाशा. शिकारी म्हणजे मृग नक्षत्राचा व्याध-पुरुष, प्राणी वृषभ, आणि स्फोट एचबी९ चा. मुंबईतल्या संशोधकांचं काम, त्यामुळे आमच्याकडच्या आकाशप्रेमींत ते तोंडी तोंडी पोचलं. काकांनी मला पहिल्यांदा एचबी९ दाखवायला नेलं ते ‘अगं, काश्मीरवाल्यांनी बघितलेला तारा बघू चल’ असं म्हणूनच.

पेपर मला आवडतो. लेखकांनी अंदाजपंचे एक अवशेष उचललेला नाही. वसाहतीचा काळ आणि आकाशातली जागा असे निकष लावून अवशेष गाळत आणले आहेत. हे बरोबर आहे आणि शिकण्यासारखं आहे. माझी अडचण पुढच्या पायरीवर आहे. २००७ मध्ये लेही आणि तियान यांनी एचबी९ चं अंतर काढलं ते ०.८ किलोपार्सेक, अधिक-उणे ०.४. म्हणजे तो १३०० प्रकाशवर्षांवर असेल किंवा ३९०० वर. या दोन टोकांत चमकीचा फरक नऊपट, जवळपास अडीच प्रती. वय ४००० ते ७००० वर्षं. एवढ्या सैल आकड्यांत एखादा अवशेष ‘बसतो’ म्हणण्यापेक्षा तो ‘बाद होत नाही’ म्हणणं जास्त योग्य. आणि दगडावरच्या आकृत्या नक्षत्रांशी जुळतात, ठीक, पण शिकारीचं दुसरं कुठलंही चित्र घेतलं तर ते आकाशाच्या कुठल्यातरी तुकड्याशी किती सहज जुळेल? तो आकडा मिळाल्याशिवाय जुळणीचं वजन करता येत नाही. दहा शिकारीची चित्रं, दहा माणसं, आणि प्रत्येकाला ‘यात नक्षत्रं शोध’ असं सांगायचं. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला चांगला विषय आहे, कुणी घेतला तर मला कळवा.

आणि बघा, हीच तक्रार माझ्या नोंदीला जशीच्या तशी लागू होते. कुठे बघायचं ठाऊक होतं, काय दिसायला हवं ठाऊक होतं, गोष्ट गोड होती, काका शेजारी उभे होते. रिकाम्या आकाशात मला असंच ‘फिकट उजेड, मग काळोख’ किती वेळा दिसलं असतं? मी बघितलंच नव्हतं.

म्हणून पुढच्या डिसेंबरात बघितलं. एचबी९ मध्यरात्रीच्या सुमारास उत्तरेला ६२ अंशांवर येतो, तेव्हाचे दोन तास धरले. पद्धत साधी. माझ्या मैत्रिणीने नाणं उडवायचं. छापा आला तर दुर्बीण एचबी९ च्या पश्चिम कडेवर, काटा आला तर चार-पाच अंशांवरच्या, तेवढ्याच ताऱ्यांच्या दाटीच्या रिकाम्या जागेवर. तोवर मी आंब्याखाली पाठ करून उभी. मग डोळे मिटून शिडीजवळ यायचं, वर चढायचं, दोन मिनिटं बघायचं, आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगायचं. ‘थोडंसं वाटतंय’ चालणार नाही. ब्लॅकवेलच्या चाचण्यांमागची अक्कल हीच. दिसलं का असं विचारलं तर माणूस स्वभावाप्रमाणे उत्तर देतो. ओळखायलाच लावलं तर डोळा उत्तर देतो.

लिहिलं तेवढं सोपं गेलं नाही. चौथ्या वेळेपर्यंत मला आयपीसमधली ताऱ्यांची नक्षी ओळखू यायला लागली. म्हणजे परीक्षेचा पेपर फुटलाच की. मग दर वेळी कडेवरची जागा बदलली आणि रिकाम्या जागाही सहा केल्या, आणि पहिली चार उत्तरं रद्द करून पुन्हा एकपासून मोजलं. दव इतकं पडलं की आयपीस दर दहा मिनिटांनी पुसावं लागत होतं. कुत्री वेगळीच.

बारा वेळा बघितलं. सात बरोबर.

नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ३९ टक्के आहे. म्हणजे माझ्या डोळ्याने नाण्यापेक्षा काही जास्त केलं असं म्हणायला आधार नाही. त्या रात्री शेतातच जुनी नोंद काढली आणि ‘दिसला’ खोडलं. ‘दिसला नाही’ असंही लिहिलं नाही. बाजूला ‘ठरत नाही, १२ पैकी ७’ असं लिहिलं.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की पद्धतच निकामी कशावरून नाही? थंडीत कुडकुडत दोन मिनिटांत कुणालाही काहीही दिसणार नाही. म्हणून फेब्रुवारीत तीच पद्धत ‘पेन्सिल’वर वापरली. नौकेतल्या प्रचंड वेला अवशेषाचा हा एक बारीक उजळ तुकडा, एनजीसी २७३६. जॉन हर्शेल यांना तो १८३५ मध्ये केपहून सापडला. पॅरिस-लंडनवाल्यांना तो क्षितिजाच्या वर येतच नाही. आपल्याकडे फेब्रुवारीच्या मध्याला मध्यरात्री दक्षिणेला २५ अंशांवर येतो. खोपोली-लोणावळ्याचा उजेड आणि जवळजवळ अडीचपट जाड हवा, इतकं मधे असूनही बारापैकी अकरा बरोबर. योगायोगाने असं होण्याची शक्यता हजारात तीन. पेन्सिल लहान आहे, अरुंद आहे, दोन्ही बाजूंचं काळं आकाश एकाच नजरेत मावतं. वर जे आकाराचं गणित केलं ते इथे आपल्या बाजूने काम करतं, आणि २० इंची आरसा इथे खरंच पैसे वसूल करतो. कर्जतच्या हौशी लोकांनी एचबी९ चा नाद कमी करून या दक्षिणेकडच्या तुकड्यांवर रात्री घालवाव्यात असं माझं मत आहे. परदेशी पुस्तकांत त्यांना दोन ओळी मिळतात, कारण ती लिहिणाऱ्यांना ते नीट दिसत नाहीत.

काकांना सांगणं अवघड गेलं. वीस वर्षं ते लोकांना शिडीवर चढवून आकाश दाखवताहेत, स्वतःच्या पेन्शनमधून आरशाला पुन्हा मुलामा करून आणतात. सात-बारा ऐकून ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. (सात-बारा म्हटल्यावर त्यांना आधी शेताचा उतारा वाटला, ते वेगळं.) मग म्हणाले, “म्हणजे मी इतकी वर्षं लोकांना काळोख दाखवतोय का गं?”

मी म्हटलं, “काका, माझं ठरत नाही एवढंच म्हणतेय मी. तुमचं तुम्ही बघा.”

“मग घे माझी परीक्षा.”

घेतली. बारापैकी नऊ. काका खूश, पास झालो म्हणाले. नऊ किंवा जास्त योगायोगाने येण्याची शक्यता सात टक्के. मोह होतोच की काकांचा निकाल ठेवावा आणि माझा विसरावा, त्यांचा डोळा मुरलेला आहे असं कारण देऊन. पण दोन माणसांनी परीक्षा दिली तर नाण्याच्या भरवशावरही दोघांपैकी एकाचे नऊ येण्याची शक्यता चौदा टक्के होते. पाच जणांना बसवलं तर एक ‘मुरलेला डोळा’ सापडण्याची शक्यता तीनात एक. तुमच्या प्रयोगशाळेत पाच नमुन्यांतला एकच चांगला आला आणि गाईड म्हणाले ‘हाच घे’, की हा हिशोब आठवा.

तेव्हा आता असं ठरलंय. येत्या डिसेंबरात काका एकटेच बसतील, चोवीस वेळा, दोन रात्रींत. अठरा किंवा जास्त बरोबर आले तर ‘दिसतो’ म्हणायचं; योगायोगाने तसं होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास आहे. सतरा आले तर नाही म्हणायचं. हा आकडा त्यांच्या वहीत आधीच लिहून, खाली दोघांच्या सह्या करून ठेवलाय. काकांनी त्यांची एक अट घातली आहे: ते वर चढून बघत असताना मी शिडीखाली उभं राहून ‘हं’ म्हणायचं नाही. मागच्या वेळी मी दोनदा म्हटलं होतं म्हणे, आणि दोन्ही वेळा दुर्बीण एचबी९ वरच होती.